अक्रोडाखालची अर्धी वाट

फिर्मांने कुंपणाच्या आडव्या फळीवर पोट टेकवलं, लांब दांड्याचं दाताळं उलटं धरलं आणि हात पोहोचेल तिथपर्यंत वाटेवरचे अक्रोड पुढे ढकलायला लागला. दाताळं खडीवर खरखरत होतं. ओली सालं, पानं, अक्रोड असं सगळं थोडं थोडं सरकत वाटेच्या मधोमध जाऊन थांबलं. पुढे दांडा पुरेना. त्याने दम खाल्ला, कुंपणालगत दोन पावलं बाजूला सरकला आणि पुन्हा ढकलू लागला. वाटेवर पाऊल मात्र टाकलं नाही.

समोरच्या घरातल्या खिडकीतून ओदील हे बघत होती. हातातला बटाटा अर्धाच सोलून राहिला होता.

"खुळा तो खुळाच," ती मांजराला म्हणाली. "डॉक्टरांनी खुबा नवा बसवला, डोकं तेवढं जुनंच ठेवलं."

फिर्मां तिचा धाकटा दीर. दोघांच्या घरांच्या मधून पूर्वी रेल्वे जायची. गाडी बंद पडली, रूळ उचलून नेले, आणि डॉर्डोन नदीच्या काठाकाठाने तिथे सायकलींसाठी बारीक खडीची वाट करायचं ठरलं. त्या वाटेवर मोटारींना मज्जाव असणार होता. दोन्ही घरांनी आपापल्या जमिनीची एकेक पट्टी द्यावी, असं पंचायतीचं म्हणणं होतं. द्यायची नाही, असं दोघा भावांनी जेवणाच्या टेबलावर ठरवून टाकलं होतं. पुढे थोरला भाऊ, ओदीलचा नवरा बाझील, हिवाळ्यात गेला आणि वसंतात ओदीलने आपली पट्टी देऊन टाकली. तेवढी रुंदी वाटेला पुरली.

का दिली, ते तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तरी काय होतं? बाझील गेल्यावर घर इतकं गप्प झालं होतं की कुणीतरी, कुणीही, खिडकीखालून जावं असं तिला वाटायचं. आता सकाळपासून चाकांखाली खडी करकरायची आणि तिला बरं वाटायचं.

फिर्मांला हे कोण सांगणार? तो पंचायतीच्या सभेत उठून उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मेलेल्या माणसाचा शब्द मोडला हिने. माझं पाऊल त्या वाटेवर पडणार नाही, आणि त्या वाटेचं काडीइतकंही मला नको." त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून पाव आणायलासुद्धा तो वाटेच्या डोक्यावरून जाणाऱ्या वरच्या पुलावरून वळसा घालून गावात जायचा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला संतांच्या सणाला सगळं गाव आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवतं, तेव्हा बाझीलच्या कबरीवर दोघंही शेवंतीची कुंडी ठेवत. तो सकाळी, ती दुपारी.

अक्रोडाचं झाड फिर्मांच्या अंगणातलं, पण निम्म्या फांद्या वाटेवर आलेल्या. सासऱ्यांनी ते लावलं तेव्हा रोप सरळ धरायला दोन्ही मुलं दोन बाजूंना उभी होती, असं बाझील दर वर्षी पहिला अक्रोड फोडताना सांगायचा. ओदीलला ते पाठ झालं होतं. आता सांगणारं कुणी नव्हतं, तर झाडाकडे नुसतं बघूनही तिला ते ऐकू यायचं.

आणि गेल्या आठवड्यात नेमक्या त्याच झाडाखाली, ओल्या सालांवरून एकाची सायकल घसरली. गळ्याजवळचं हाड मोडलं. वाटेची देखभाल पाहणारी कोरीन आली. ती बेकरीवालीची मुलगी, दोन्ही घरांच्या अंगणांत खेळून मोठी झालेली. दोघांनाही ऐकू जावं म्हणून ती मुद्दाम वाटेच्या मध्यावर उभी राहिली.

"वरचे लोक झाड तोडायचं म्हणतायत. मी म्हटलं, जरा थांबा. अक्रोड पडायचे थांबेपर्यंत वाट रोज साफ राहिली तर झाड राहील, नाहीतर नाही. शुक्रवारी बघायला येईन. कोण झाडणार?"

"झाड माझं आहे," फिर्मां कुंपणाआडून म्हणाला. "मी बघतो."

"कसं बघणार, काका? तुम्ही तर वाटेवर येत नाही."

"ते माझं मी बघीन."

तर त्याने बघितलं ते असं. आपल्या बाजूची अर्धी वाट त्याने लख्ख केली आणि कमरेवर हात ठेवून घरात गेला. दाताळं उलटं धरण्यातली मेख ओदीलने ओळखली होती. सरळ धरून स्वतःकडे ओढलं असतं तर काम निम्म्या वेळात झालं असतं. पण वाटेवर पडलेला अक्रोड उचलेल त्याचा, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्याने तो ओढला तर तो वाटेकडून घेतल्यासारखा झाला असता.

ओदीलने बटाटा ठेवला, खराटा घेतला आणि आपल्या बाजूची अर्धी वाट झाडायला बाहेर पडली. कडेला उभी राहून ती क्षणभर घुटमळली. आपल्याकडे लोटावेत, तर उद्या तोच माणूस गावभर सांगेल की आधी जमीन घालवली, आता माझे अक्रोडही नेले. मग तिनेही मधोमधच लोटले.

दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. तो सकाळी, ती तो आत गेल्यावर. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. सायकलवाले मधला ढीग चुकवत कडेकडेने जात आणि वळून वळून बघत.

शुक्रवारी कोरीन आली, सायकलवरून उतरली आणि हसावं की रडावं तिला कळेना.

"अख्ख्या दरीत एवढ्या स्वच्छ कडा नाहीत. आणि मध्ये हा डोंगर कशाला रचलात? इथे आदळून दुसरा कुणीतरी मोडायचा! दुपारी साहेब स्वतः येतायत. हे बघून करवतच आणतील ना!"

फिर्मां कुंपणाशी उभा होता. ओदील या कडेला होती. दोघांनीही ढिगाकडे बघितलं.

"आई म्हणते ते काही खोटं नाही," कोरीन वैतागून म्हणाली. "दारात झाड आणि अक्रोडाच्या तेलाच्या बाटल्या दुकानातून! तुम्हीही आणता, ओदीलकाकू, आणि हेही आणतात. दोघंही पिशवीत तळाला लपवून. एका घराचे अक्रोड घाण्याला पुरत नाहीत म्हणून ना? मग भोगा!" ती सायकलवर बसली आणि पुढची वाट बघायला निघून गेली.

ओदीलचे कान तापले. दुकानातलं तेल ती कोशिंबिरीवर घालायची, पण त्याला कसली म्हणून चव नव्हती. फिर्मांलाही तेच मिळमिळीत तेल खावं लागत होतं, हे तिला आजच कळत होतं. बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

फिर्मांने दाताळं उचललं, सरळ केलं, पुन्हा उलटं केलं. त्याचा चेहरा पडला होता. झाडाच्या बुंध्यावर त्याने हात ठेवला आणि तो काढलाच नाही. ते बघून ओदील आत गेली आणि मोठी टोपली घेऊन आली. वाटेच्या मधोमध गुडघे टेकून बसली.

"फिर्मां," मान वर न करता ती म्हणाली, "हे मी उचलतेय. चोर म्हणायचं असेल तर आत्ता तोंडावर म्हण. मागून नको."

कुंपणापलीकडे दाताळं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"साल चिकटलेले वेगळे ठेव," तो म्हणाला. "नाहीतर गर काळा पडतो."

"लग्न होऊन आल्यापासून करतेय मी. मला शिकवतोस?"

"दादा विसरायचा."

"तो विसरायचा म्हणूनच मी करायचे."

दुपारी साहेब आले, वाटेवरून एकदा इकडे आणि एकदा तिकडे चालले आणि निघून गेले. झाड राहिलं.

त्यानंतर दोघं मधल्या रेषेपर्यंत झाडत आणि ओदील उचलत असे. बोलणं फार वाढलं नाही. पण एका सकाळी फिर्मांच्या कुंपणाच्या खांबाला वाटेच्या बाजूने एक पोतं टांगलेलं दिसलं. अंगणात पडलेले अक्रोड होते, धुऊन वाळवलेले. पोतं ना त्याच्या घरात होतं, ना वाटेवर. ओदीलने ते उतरवून नेलं आणि रिकामं पोतं परत तिथेच टांगलं. दोन दिवसांनी ते पुन्हा भरलं. संतांच्या सणाला ती कबरीवर गेली, तेव्हा त्याची कुंडी नेहमीसारखी मधोमध नव्हती. शेजारी दुसरी मावेल इतकी जागा सोडून त्याने ती एका कडेला ठेवली होती.

डिसेंबरात अक्रोड खडखडीत वाळले. ओदील कुंपणाशी गेली.

"शनिवारी घाण्यावर नंबर लावलाय. गुरुवारी संध्याकाळी फोडायला बसतेय. एकटीने व्हायचं नाही."

फिर्मां कोंबड्यांना दाणे टाकत होता. तो दाणे टाकतच राहिला.

"पुलावरून यायचं म्हणजे तास मोडतो. अंधारही लवकर पडतो."

"मग लवकर निघ," ती म्हणाली. यापुढे आणखी किती वाकायचं, असं तिला वाटलं. आणि घरात आल्यावर वाटलं, थोडं वाकले असते तर काय बिघडलं असतं?

गुरुवारी तिने टेबल पुसलं, मधे अक्रोड ओतले, दोन लाकडी हातोड्या ठेवल्या. दुसरी बाझीलची होती. चुलीवर सूप ठेवलं. सुपाच्या शेवटच्या घोटात ओतून प्यायला फिर्मांला लाल वाईन लागते, म्हणून बाटलीही उघडून ठेवली. गावच्या रस्त्याकडचा, पुढच्या फाटकावरचा दिवा लावला आणि फोडायला बसली. एक अक्रोड फोडावा आणि फाटकाकडे कान द्यावा, असं चाललं होतं. अंधार पडून बराच वेळ झाला. सूप दोनदा गरम केलं. नाही यायचा तो, असं तिने मनाशी म्हटलं आणि हातोडी जरा जोरातच मारली. गराचा चुरा झाला.

तेवढ्यात मागच्या बाजूला, वाटेवरची खडी वाजली.

या दिवसांत संध्याकाळी सायकली नसतात. आणि हा आवाज चाकांचा नव्हताच. एक पाऊल, मग काठी, मग उशिराने दुसरं पाऊल. आवाज मध्यापर्यंत आला आणि तिथे थांबला.

ओदीलने हातोडी खाली ठेवली. ती उठली, पुढच्या फाटकावरचा दिवा मालवला आणि मागच्या दाराचा लावला.

खडी पुन्हा वाजायला लागली.