उलट्या फिरकीचा डिस्ट्रिब्युटर

माझ्या नवऱ्याचा, वगीहचा, जीव बायकोपेक्षा त्या जुन्या हिरव्या गाडीत जास्त आहे, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं आणि नाद सोडला. पण आमच्या नूरहानच्या लग्नाच्या दिवशीच ती गाडी रुसली. लेकीचा हट्ट एकच होता: समुद्राकाठच्या रस्त्याने बाबांच्याच गाडीतून जाणार, आणि वरातीत तीच सगळ्यांच्या पुढे.

डिस्ट्रिब्युटरचा दांडा झिजून खिळखिळा झाला होता. चारी प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा तो डबा. तोच डुलायला लागला तर इंजिन कसलं चालतंय! दुसरा कोणी असता तर सरळ सरवतकडे गेला असता. सरवत म्हणजे नवऱ्या मुलाचा मामा. त्याच्याकडेही तसलीच जुनी मोटार आहे, दुधी रंगाची. वरातीत पुढे कोणाची गाडी, यावरून दोघांची महिनाभर जुंपली होती. त्याच्यापुढे वगीह मान तुकवतोय होय! गेला सकाळीच शुक्रवारच्या बाजारात आणि भंगाराच्या ढिगातून एक डिस्ट्रिब्युटर उचलून आला. त्यावरचा नंबर पार पुसलेला.

"भोकात बसतोय ना? मग झालं तर!" म्हणाला.

बसला खरा. किल्ली फिरवताच गाडी सुरू! गॅलरीतल्या बायकांनी जिभा नाचवत आनंदाची अशी काही लुलुलुलु केली की कबुतरं उडाली. नूरहान झगा सावरत आत बसली, मी तिच्या शेजारी. वगीहने अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी खोकली, फटफटली, काळा धूर ओकली. सावकाश ठेवली तर गुरगुरायची, वेग द्यायला गेलं की मान टाकायची. मागे वरातीतल्या गाड्या हॉर्नवर हॉर्न.

सरवत खिशात हात घालून पुढे आला. "काय रे अबू नूरहान, नवरीच्या बापा, तिला समुद्रापर्यंत चालवत नेतोस का?"

"तू गप रे!"

"रोटर बोटाने वळवून बघितलास?"

वगीहचा चेहरा खर्रकन उतरला. ही खूण त्यानेच अख्ख्या गल्लीला शिकवलेली. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढायचं, आतला फिरता रोटर बोटाने वळवायचा. ज्या बाजूला तो जरासा जाऊन परत येतो, ती त्याची फिरकी. त्याने आता वळवला. उजवीकडे गेला. आणि आमचं इंजिन त्याला फिरवतं डावीकडे! वेग वाढला की ठिणगी लवकर पडायला हवी, ही बया उलट्या फिरकीमुळे उशिरा पडत होती.

"तुझ्या नाकापायी माझी लेक रस्त्यात उभी आहे!" मी खिडकीतून कडाडले. नूरहानचं काजळ गालावर आलं होतं.

 सरवतने आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि चालता डिस्ट्रिब्युटर उपसून आणला.

"नंबर वेगळा आहे," वगीह पुटपुटला.

"वेगळा असायचाच. आतल्या स्प्रिंगा वेगळ्या, तेवढंच. उंची बघ, खालची खाच बघ, तीच आहे. आणि वळव की!"

वगीहने वळवला. "डावीकडे! गलीला, डावीकडे!" मला नावाने हाका मारत तो लहान पोरासारखा नाचायला लागला. मी ओरडले, नूरहान ओरडली, ज्यांना काही कळलं नव्हतं तेही ओरडले.

दोघं बॉनेटखाली शिरले. लग्नाचे सूट, हाताला ग्रीस. वगीह डबा तसूतसूने फिरवत होता, सरवत डोळे मिटून इंजिन ऐकत होता. "अजून जरा... अजून... थांब! आता हलवलास तर याद राख." वगीहने वेग दिला आणि गाडी अशी काही उठली की माझ्या अंगावर काटा आला.

"आणि तुझी गाडी रे?" वगीहने विचारलं.

"राहील इथेच. सून आमची आहे, गाढवा."

वगीहने डिकीतून दोर काढला आणि दुधी गाडी आपल्या गाडीमागे बांधली. "तू नसलास तर वरातीत मी भांडू कोणाशी?"

समुद्राकाठच्या रस्त्यावर आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो, आणि दोराला बांधलेला सरवत आमच्या मागे. त्याचं इंजिन गप्प होतं, पण बॅटरी शाबूत होती. वरातीत सगळ्यांत मोठा हॉर्न त्याचाच वाजत होता. मी मागे वळून त्याला हात केला आणि रडले, अगदी मनसोक्त.