ग्रहणात उभं राहणारं मुसळ

मित्रांनो, सोलापूरच्या शुक्रवार पेठेत मल्लव्वांच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या टाकीमागे जे जुनं मुसळ टेकून ठेवलंय, ते म्हणजे मी. अकलूजकडच्या एका बाभळीतून कोंडीबा सुतारांनी मला घडवलं, खाली लोखंडी कडं ठोकलं आणि मल्लव्वांच्या लग्नात मी या घरी आलो.

ऐन उमेदीत मी काय कांडलं नाही! शेंगांची चटणी तर माझीच. तेल सुटेपर्यंत मल्लव्वा हात थांबवत नसत. पाहुणे बोटं चाटत आणि नाव मात्र त्यांचं घेत. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मग मिक्सर आला. कानठळ्या बसवणारं ते यंत्र सगळ्यांना आवडलं, आणि मुसळ खरोखरच केरात गेलं. केरसुणीसुद्धा माझ्याच अंगावर टेकवून ठेवू लागले.

मान मिळायचा तो फक्त ग्रहणाला. आमच्याकडे ग्रहण लागलं की परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभं करतात. ग्रहण असेपर्यंत ते उभं राहतं आणि सुटलं की पडतं, अशी समजूत. मला हळदकुंकू लागायचं, शेजारच्या बायका हात जोडायच्या. खरं सांगू? माझं कडं एका बाजूनं झिजलं होतं. जमेल तेवढा वेळ तोल सांभाळायचा आणि रस्त्यावरून ट्रक गेला की आडवं व्हायचं, एवढंच माझं कसब. लोक मात्र म्हणायचे, चंद्रानं धरलं होतं, चंद्रानं सोडलं.

चंद्राबद्दल मी बरंच ऐकून आहे, कारण मल्लव्वांची सून पायल शेजारच्या खोलीत मुलांच्या शिकवण्या घेते. चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते? तो पृथ्वीभोवती एक फेरी मारतो तेवढ्याच वेळात स्वतःभोवतीही एकदा फिरतो, म्हणून. समुद्राला भरती का येते? मुख्यतः चंद्राच्या ओढीनं. एका मुलीनं विचारलं, "मग टीचर, चंद्र मुसळाला पण ओढतो काय?"

पायल हसली. "ओढतो की. पण इतकं थोडं, की त्यानं मुसळ काय उभं राहत नसतंय. आणि चंद्रग्रहण म्हणजे चंद्रावर पडलेली आपल्या पृथ्वीची सावली."

एवढ्या मोठ्या चंद्राचा आपल्याला आधार नाही, हे ऐकून मी जरा खट्टू झालो.

हे सगळं जाणणारी पायल यंदा शिमग्याच्या पौर्णिमेला, सातव्या महिन्याची गरोदर असताना, ग्रहणाला बसली. मल्लव्वांचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हाच्या ग्रहणात आपण घोटभर पाणी प्यायलो म्हणूनच ते गेलं, असं त्या इतकी वर्षं मनात धरून होत्या. "तुमच्या जिवाला बरं वाटतंय ना आत्या, मग बसते," पायल म्हणाली. मुसळ पडेपर्यंत उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही.

घोटाळा पुढेच आहे. आईला बरं वाटावं म्हणून पायलचा नवरा महेश्वर आदल्या दिवशी मला वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेला आणि नवंकोरं, सपाट कडं बसवून आणलं. मी परातीत खांबासारखा उभा!

ग्रहण दुपारीच लागलं होतं. दुपार टळली. सोलापूरचं ऊन, भिंतीसुद्धा तापलेल्या. संध्याकाळी चंद्र ग्रासलेलाच उगवला आणि थोड्या वेळानं मोकळा झाला. महेश्वर गच्चीवरून धावत आला. "अव्वा, सुटलं की गिरान! चंद्र पुरा दिसतोय."

"मुसळ उभं हाय न्हवं? मग कशाचं सुटतंय?"

बाहेरून ट्रक गेला, मागून आणखी एक गेला. मी ढिम्म. पायलचे ओठ सुकले होते. "आत्या, गरगरतंय हो," म्हणत तिनं भिंतीला डोकं टेकलं. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला पडावंसं वाटलं, अगदी जीव तोडून वाटलं. पण लाकडाला आपणहून पडता येत नाही.

महेश्वर तांब्या घेऊन पुढे झाला. मल्लव्वांनी त्याला हातानं थांबवलं. एकदा सुनेकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग उठल्या आणि तळहातानं मला सरळ ढकलून दिलं. परात वाजली, पाणी घरभर झालं.

"पडलं गं बाई, पडलं!" त्यांनी तांब्या पायलच्या ओठाला लावला. "पी. समदं पी."

पायल प्यायली. तिच्या चेहऱ्यावर तरतरी आली, तशा मल्लव्वा तिच्याजवळ खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "माजं लेकरू... ते पाण्यानं न्हवतं गेलं, व्हय गं?"

"नाही आत्या. पाण्यानं कुणाचं बाळ जात नसतंय."

मल्लव्वा पदरात तोंड घालून रडल्या. पायलनं त्यांना जवळ घेतलं. मी ओल्या फरशीवर पडून होतो, आणि इतका आनंद मला कोणत्याच हळदकुंकवानं दिला नव्हता.

मित्रांनो, कोणत्याही साध्या दिवशी सपाट बुडाचं मुसळ परातीत उभं करून बघा, ते उभं राहील. आम्हा जुन्यांना अधूनमधून ऊन दाखवा, वाळवीपासून जपा, एवढंच मागणं. पण घरात कुणाला तहान लागली असेल, तर आमच्या पडण्याची वाट बघू नका.