समोरच्या काचेचा हट्ट

"खोडू नका, छोटे. काच राहू द्या."

पण पेन्सिल कागदावर टेकली होती. त्याने त्या ओळीवरून रेघ ओढली, ती पुसट वाटली म्हणून पुन्हा ओढली आणि कागद बोटीच्या काठावरून भावोजींकडे सरकवला.

"अठ्ठावीस हजार," तो म्हणाला. "एका काचेला. तीही तडकलेली."

"तडकलेली नाही. कोपऱ्यात चीर आहे. फ्रेममध्ये बसली की दिसणारसुद्धा नाही."

"मग बिनचिरेची घ्या ना! प्लास्टिकची. तो कारागीर चार हजारांत वाकवून देतोय."

"चार हजारांची काच चार हजारांचीच दिसते." भावोजींनी घसरलेला चष्मा बोटाने वर केला. "मूळ काचेला एक गोलाई आहे. ती त्याला जमायची नाही. मी जन्मभर काचाच बघत आलोय, मला कळतं."

भावोजींचं चष्म्यांचं दुकान होतं, त्यामुळे काचेच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. बाकीच्या बाबतीतही चालत नसे, हे त्याला इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं.

टायरच्या गोदामामागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये जुन्या टायरांवर ती बोट बसलेली होती. सोळा फुटी, फायबरची, कधीकाळी आकाशी रंगाची. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. त्यामुळे साधी दोर बांधायची खुंटी हवी असली तरी जुन्या बोटी मोडणारा कुणीतरी गाठावा लागे, आणि असली माणसं हुडकून काढण्यात भावोजींचा हातखंडा. तो स्वतः छापखान्यात हिशेब बघायचा. साहजिकच पुढचं काम त्याच्या गळ्यात पडे. भावोजी फोनवर शब्द देऊन बसत आणि मग त्याने आकडे मांडायचे, बेरीज करायची आणि कपाळाला हात लावायचा.

मागच्या फळीचंच घ्या. इंजिन टांगायचं ती फळी आतून कुजलेली निघाली. फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड ओल्या भुशासारखं मुठीत येत होतं. नवीन फळीसाठी त्याने पैसे बाजूला काढले. पुढच्या रविवारी येऊन बघतो तर त्या पैशांतून स्टिअरिंगचं चाक आलेलं. पांढरंशुभ्र, मधोमध क्रोमची टोपी.

"पुन्हा मिळालं नसतं," भावोजी म्हणाले होते.

"अहो, पण चालवणार काय? मागे इंजिन कशाला टांगणार, हवेला?"

भावोजी चाकावरचा डाग फडक्याने पुसत राहिले होते.

बरं, नुसते पैसेच जात होते असं नाही. फायबर घासलं की त्याची बारीक कुसं कातडीत शिरायची आणि पुढचे दोन दिवस तो ऑफिसात मान, कोपर, बरगड्या खाजवत बसायचा. बायको त्याला कपडे दारातच उतरवायला लावायची. ते ती वेगळे भिजत घालायची आणि भिजत घालताना एकच प्रश्न विचारायची.

"तुमचं आता नातं तरी काय त्यांच्याशी?"

"बोट अर्धी माझी आहे," तो म्हणायचा.

ते खरंच होतं. बोट त्याने आणि भावोजींनी मिळून घेतली होती, ताईचा आणि भावोजींचा संसार सुरळीत चालला होता तेव्हा. पुढे तो मोडला. घराची वाटणी झाली, गाडीची झाली, कपाटांची आणि पडद्यांचीसुद्धा झाली. बोट मात्र कुणालाच नको होती. शेडचं भाडं उगाच चालू कशाला ठेवायचं म्हणून तो ते बंद करायला गेला, तर भावोजी तोंडाला फडकं बांधून एकटेच बोटीचा काठ घासत बसलेले. त्यांनी मान वर केली नाही. पॉलिश पेपरचा अर्धा तुकडा फाडून त्याच्यापुढे धरला. तो समोर बसला आणि घासायला लागला. भाडं बंद करायचं राहून गेलं ते गेलंच.

सुरुवातीला हाक काय मारायची हाच घोळ होता. एक-दोन रविवार त्याने हाक न मारताच काढले. मग "अहो" म्हणून पाहिलं, ते त्याच्या बायकोसारखं वाटायला लागलं. शेवटी तो पुन्हा "भावोजी"वर आला. भावोजींना असला प्रश्न पडलाच नव्हता. ताईच्या लग्नात तो हाफ पँटीत होता, तेव्हापासून तो "छोटे", आणि आता त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले, पोट सुटलं, तरी छोटेच.

आज मात्र तो ठरवून आला होता. आदल्या दिवशी ताईचा फोन आला होता.

"शनिवारी सह्या करतोय आम्ही," ती म्हणाली. "घरचीच चार माणसं. तू त्यांना सांगून टाक. बाहेरून कळायला नको."

"मी?"

"मग कोण? तूच असतोस ना तिथे. आणि हे बघ, ती बोट विकून मोकळे व्हा एकदाचे. माझा भाऊ दर रविवारी कुठे असतो हे सांगताना माझीच जीभ अडखळते रे आता."

म्हणून त्याने राहिलेल्या सगळ्या खर्चाचा कागद केला होता. त्यातून भावोजींच्या हौसेच्या ओळी खोडायच्या आणि बोट पाण्यावर तरंगेल, कुणीतरी विकत घेईल, एवढंच ठेवायचं. फायबर चिकटवायचं रेझिन, फायबर मॅट, मागची फळी, इंधनाची टाकी, रंगाचा एक हात. कागद दाखवायचा, विकण्याचा विषय काढायचा आणि त्यातच ताईचं सांगून टाकायचं, असा त्याचा बेत होता. पण पहिल्याच ओळीला काच आडवी आली आणि घोडं तिथेच अडलं.

"हे बघा," भावोजी म्हणाले, "तो माणूस पंचवीसवर येईल. मी बोललोय त्याच्याशी."

"बोललात?"

"थोडे पैसे पाठवलेसुद्धा. नाहीतर तो दुसऱ्याला देईल."

त्याच्या हातातली पेन्सिल बोटीत पडली आणि फळ्यांमधून घरंगळत तळाशी गेली. ती काढायला तो वाकला, तेव्हा काठावरचं फायबर त्याच्या मनगटावर घासलं आणि नको तिथे, नको तेव्हा, जोरात खाज सुटली.

"कुणासाठी चाललंय हे?" तो वाकलेल्या अवस्थेतच ओरडला. "कोण बसणार आहे हिच्यात? ती लग्न करतेय, भावोजी! शनिवारी! आणि तुम्ही काचेची गोलाई काय बघत बसलाय!"

पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमला. पलीकडे टायर रचणाऱ्या माणसाने हात थांबवून इकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

तो हळूहळू सरळ झाला. हे असं सांगायचं नव्हतं. काल रात्री अंथरुणात पडून त्याने चार चांगली वाक्यं जुळवली होती.

"माहितीये," भावोजी म्हणाले.

"काय?"

"मंगळवारी दोघं आले होते दुकानात. तिचा नंबर वाढलाय. त्यालाही जवळचं दिसत नव्हतं, पण आजवर डोळे तपासलेच नव्हते म्हणे." भावोजींनी कागदाची घडी सरळ केली. "त्याला जाड फ्रेम शोभत नाही. हलकी दिली."

त्याने मनगट खाजवलं.

"पैसे घेतलेत?"

"त्याच्याकडून पूर्ण घेतले."

"आणि ताईकडून?"

"तिचे कधी घेतले होते?"

एवढं बोलून भावोजी उठले, कोपऱ्यातल्या स्टोव्हवर चहाचं भांडं ठेवलं आणि पाठमोरे उभे राहिले. चहा उकळला, वर आला, तरी त्यांनी ज्योत कमी केली नाही. त्यानेच जाऊन ती कमी केली आणि दोन कप भरले.

"विकू आपण," कप हातात घेत भावोजी म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. काच नको. प्लास्टिकची बसवू."

"पाठवलेले पैसे?"

"बुडाले असं समजू. पुढे वाचा."

तो वाचू लागला. रेझिनचे दोन डबे. भावोजी म्हणाले, एकात भागेल. खुर्च्यांची कव्हरं. त्यांच्यावर चादर टाकू, घेणारा घेईल शिवून. तळाच्या आडव्या पट्ट्या. त्या वरून दिसत नाहीत, राहू देत. एकेका ओळीला भावोजी मान हलवत गेले आणि तो खोडत गेला. असा शहाण्यासारखा हिशेब या शेडमध्ये आजवर झाला नव्हता. बेरीज निम्म्यावर आली. इतकी वर्षं डोकं फोडून त्याला जे जमलं नव्हतं ते चहा गार व्हायच्या आत झालं होतं, आणि तरीही त्याच्या कपाळाची शीर उडायची थांबेना. उलट जास्तच उडायला लागली.

"मागची फळी," त्याने वाचलं.

"वरून एक फायबरचा थर मारू. बाहेरून धडधाकट दिसेल."

"आणि आतलं?"

"आतलं घेणारा बघेल."

"असं कसं बघेल?" त्याने पेन्सिल कागदावर आपटली. "इंजिन लावलं की फळी उखडून येईल! पाण्याच्या मधोमध! कुणाची बायकापोरं असतील त्यात. ती बुडाली म्हणजे?"

"आपण विकतोय ना, छोटे?"

"विकतोय म्हणून काय झालं? फळी नवीन बसणार. आणि त्या आडव्या पट्ट्या राहू देत काय, राहू देत? त्याच तर बोटीला धरून ठेवतात, तुम्हीच मला शिकवलंत." त्याने खोडलेल्या ओळीशेजारी ती ओळ पुन्हा लिहिली, आणि रागाच्या भरात वरची रेझिनचीही लिहिली. "दोन डबे लागतील. एकात काय भागतंय! दर वेळी मीच म्हणायचं का हे? तुमची म्हणून काही जबाबदारी आहे की नाही?"

भावोजी त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

"तुम्हाला पोहता येतं का हो?" त्यांनी विचारलं.

"कुणाला, मला?"

"हो."

"नाही."

"अजिबात?"

"गुडघ्यावर पाणी आलं की माझा जीव घाबरा होतो."

"आणि बोटीत अर्धे पैसे घातलेत. इतकी वर्षं घासताय. बोलला नाहीत कधी."

"विचारलंत कधी? तुम्हाला खुंट्या आणि चाकं शोधण्यातून वेळ मिळेल तर ना." तो आता शर्टाच्या कॉलरमध्ये हात घालून मान खाजवत होता. "आणि पोहता येण्याचा काय संबंध? बोट विकायची ठरलीय ना?"

भावोजींनी त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. खर्चाच्या कागदावर त्यांनी आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. शेवटच्या ओळीखाली, उरलेल्या जागेत, ते दुकानातल्या सुवाच्य अक्षरात काहीतरी लिहू लागले. त्याने मान तिरकी करून वाचलं. लाइफ जॅकेट.

"किती पडतं त्याला?" त्याने विचारलं.

"चांगलं घेऊ. स्वस्तातलं घासतं काखेत."

"मी किंमत विचारली."

"मापावर आहे." भावोजींनी पेन्सिल तशीच धरून ठेवली. "वजन किती तुमचं?"

"माझं वजन काय करायचंय तुम्हाला?" तो वैतागून म्हणाला. मग गोदामाच्या दिशेला बघत त्याने चार किलो कमी करून सांगितलं.

भावोजींनी त्याला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि कागदावर खरा आकडा लिहिला.