भावाच्या वीजबिलावरचा पत्ता

एप्रिलच्या बावीस तारखेला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या मॅमोग्राफीचा अहवाल वाचला आणि म्हणाल्या, "डोना इवोनेती, वर्ग चार."

मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. वर्ग चार म्हटलं की मला ताटली पुढे करून ‘अजून वाढा’ म्हणणारी पोरं दिसतात. तसं मी बोलूनही दाखवलं. बाई हसल्या नाहीत.

"याचा अर्थ कॅन्सर आहे असा नाही," त्या म्हणाल्या. "पण डाव्या स्तनातल्या गाठीचा सुईने तुकडा काढून बघायला हवा. बायोप्सी. तोवर मला काही सांगता येणार नाही."

"मग चिठ्ठी घेऊन कुठे जायचं?"

"कुठेच नाही. मी इथून कॉम्प्युटरवर पाठवते, लाल खूण करून. लाल म्हणजे घाईचं. ती शहराच्या कचेरीत जाते. तिथला डॉक्टर वाचतो, कुठल्या इस्पितळात जागा आहे बघतो आणि तारीख देतो. तारीख परत इथे येते, आणि आरोग्यसेविका पाकीट तुमच्या घरी आणून देते. दोन-तीन आठवडे धरा. तुम्ही फक्त घरी थांबा."

थांबले. शाळा सुटली की तडक घरी. शेजारणी विचारायच्या, भीती वाटते का गं? नाही वाटायची. रडूही यायचं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तशी मी सगळीच झाले होते. रोज दीडशे पोरांचा भात आणि राजमा शिजवत होते, मीठसुद्धा बरोबर पडत होतं. अंघोळ करताना डावीकडे हात नेत नव्हते, एवढंच.

तीन आठवडे झाले, पाच झाले. मला वाटायचं, रांग आहे, पुढे सरकत असेल. पावाच्या दुकानात मध्ये घुसणाऱ्यांचा मला भारी राग, म्हणून मी स्वतः कुठे घुसायला गेले नाही. शेवटी साओ जोआँवच्या सणाची सुट्टी लागली आणि सोळा जूनला मी दवाखान्यात गेले. पंचावन्न दिवस झाले होते.

खिडकीतल्या मुलीने माझं नाव टाकलं. तिच्या अंगठ्याची नखपॉलिश उडालेली होती. "रद्द झालंय," ती म्हणाली.

"काय रद्द झालंय?"

"तुमची विनंती. एकोणीस मेची तारीख आली होती, डोना. सेविका पाकीट घेऊन गेली, घरच्यांनी सांगितलं, इथे राहत नाही. फोन केला तर नंबर बंद."

फोन गेल्या वर्षी बसमध्ये चोरीला गेला होता. पण घरच्यांनी? माझ्या घरात मी आणि मांजर.

मुलीने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. पत्ता माझ्या भावाचा होता.

आता हे कसं, तर आमच्या काम्पिना ग्रांदे शहरात ज्या वस्तीत राहता त्याच वस्तीच्या दवाखान्यात नाव लागतं. आणि आमच्या टेकडीवरच्या दवाखान्यात डॉक्टर टिकत नाही. आला की तीन महिन्यांत पळतो. म्हणून अर्धी टेकडी खालच्या वस्तीतल्या कुणाचं तरी वीजबिल दाखवून तिथे नाव लावते. कुणी मावशीचं, कुणी पाद्र्याचं. मी चार वर्षांपूर्वी माझ्या भावाचं, जोसिमारचं, लावलं होतं आणि विसरून गेले होते. विसरले कारण पुढच्याच वर्षी जोसिमार गेला. त्याच्या बायकोने, जेनिल्डाने, वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत मी तिला म्हणाले होते, कबरीवरची फुलं तरी सुकू द्यायची होतीस, पुन्हा तुझ्या घरात पाय ठेवणार नाही. माझी जीभ अशीच आहे, सुटली की सुटली. दोन वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

"मग आता टेकडीवरचा खरा पत्ता लाव," मी म्हणाले.

"लावते. पण मग तुमची चिठ्ठी तिकडच्या डॉक्टरने पाठवायला लागेल, आणि तिकडे फेब्रुवारीपासून डॉक्टर नाही." तिने आवाज खाली आणला. "नाहीतर हाच पत्ता खरा ठरवा. सेविका तपासायला येईल, या आठवड्यात कधीही, आठ ते चार. तुम्ही घरात दिसलात, घरच्यांनी हो म्हटलं, की मी त्याच दिवशी परत लाल करून पाठवते. न सांगता येते हं ती."

मी घरी जाऊन पिशवी भरली. मांजर शेजारणीकडे दिली.

जेनिल्डा अंगणात मका सोलत बसली होती. सणाच्या पामोन्यांसाठी, म्हणजे पानात उकडायच्या मक्याच्या गोडासाठी, कणसांचा ढीग पडला होता. मला बघून तिने सुरी खाली ठेवली नाही.

"रस्ता चुकलीस वाटतं," ती म्हणाली.

"नाही. सरकारच्या दप्तरी मी इथेच राहते."

मी सगळं सांगितलं. गाठ, वर्ग चार, एकोणीस मे. भाजीचे भाव सांगावेत तसं सांगत होते. तिने ऐकून घेतलं आणि सुरी बाजूला केली.

"मीच सांगितलं, इथे राहत नाही म्हणून," ती म्हणाली. "तूच म्हणाली होतीस पाय ठेवणार नाही. मग खोटं काय बोलले मी?"

"काही नाही."

"थांब, ऐक ना. पाकिटावर इस्पितळाचा शिक्का होता. मी बघितला. म्हटलं, असेल काहीतरी, धावू दे जरा हिला. कशाचं आहे ते मी विचारलंच नाही. इवोनेती, शपथेवर सांगते, विचारलं असतं तर..." ती ओक्साबोक्शी रडायला लागली, मक्याचे केस हाताला चिकटलेले, तसाच हात डोळ्यांना लावत.

खरं तर मी तिथे तिला उभी-आडवी घ्यायला हवी होती. हक्काचं भांडण होतं ते. पण मला राग सापडेना. शोधला, नव्हता. मी म्हणाले, "रडतेस काय, मी अजून मेले नाही. झोपायचं कुठे ते सांग."

तिचा नवरा वाल्देसी, ज्याच्याबद्दल मी नाही नाही ते बोलले होते, त्याने मुकाट्याने पडवीत खाट टाकली. तो मला अदबीने डोना, म्हणजे बाईसाहेब, म्हणत होता आणि माझ्यासमोर घोरायलाही घाबरत होता. भला माणूस निघाला, काय करणार.

पाच दिवस मी त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. मका किसला, दूध-साखर घालून कालवला, पानांत बांधला, उकडला. जेनिल्डा अधूनमधून हळूच माझ्या छातीकडे बघायची. एकदा मी म्हणाले, "बघून कळत असतं तर सरकारने तुलाच नोकरी दिली असती." तिला हसू आलं, आणि हसल्याबद्दल तिने लगेच माफी मागितली. मला दोन्हीचं काही वाटलं नाही.

पाचव्या दिवशी सेविका आली. लुसिमारा नाव, डोक्यावर टोपी, हातात वही. मला नखशिखान्त न्याहाळून तिने जेनिल्डाला विचारलं, "ही बाई इथे राहते?"

"राहते."

"गेल्या वेळी तुम्ही नाही म्हणालात."

"गेल्या वेळी मी मूर्खपणा केला. लिही तसं."

"मूर्खपणाला रकाना नाही, डोना," लुसिमारा म्हणाली. तिने खूण केली, एक पामोन्या खाल्ला, दोन घरी नेले. पाच दिवसांनी, तीस जूनची तारीख घेऊन तीच आली. पाकीट देताना तिने माझी सही घेतली आणि जेनिल्डाचीही.

इस्पितळात सोबत कुणीतरी लागतं. जेनिल्डा आली. मी बोलावलं नव्हतं, नको असंही म्हणाले नाही. आतल्या खोलीत एक तरुण डॉक्टर होता. त्याने मला खाटेवर झोपवलं, गाऊन बाजूला केला आणि गाठीवर थंड जेल लावून यंत्र फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग तो एप्रिलचा अहवाल हातात घेऊन परत पडद्याकडे बघायला लागला.

"तेव्हा अकरा मिलिमीटर होती," तो म्हणाला. "आता एकोणीस आहे."

जेनिल्डा भिंतीपाशी स्टुलावर होती. तिचं डोकं खाली गेलेलं मला दिसत होतं.

"तुम्हाला एकोणीस मेची तारीख दिली होती, सहा आठवडे झाले," डॉक्टर म्हणाला. तो चिडला होता, माझ्याच काळजीने चिडला होता. "का नाही आलात? कुणामुळे राहिलं? मला इथे कारण लिहावं लागतं."

जेनिल्डाने मान वर केली आणि तोंड उघडलं. ती सांगणार होती. सांगू दिलं असतं तर तो तिला माझ्यासमोर बोलला असता, आणि ते तिने जन्मभर वाहिलं असतं.

"पत्ता मीच चुकीचा दिला होता," मी म्हणाले. "तसं लिहा."

त्याने लिहिलं. मग सुई हातात घेतली आणि म्हणाला, आधी बधिर करतो, थोडं टोचेल, मग काही कळणार नाही. तेव्हा मला भीती वाटली. एप्रिलपासून पहिल्यांदा. मी जेनिल्डाला हाक मारली आणि ती स्टूल पाडून धावत आली.