मातलुआची खुर्ची

वाटपात सिंधू पांढरीपांडेंच्या वाट्याला मातलुआ आला.

त्या हिवाळ्यात भोपाळला समुद्राच्या प्रश्नावर मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरायची होती. येणाऱ्या प्रत्येक देशाला एक स्थानिक सोबती द्यायचा, इंग्रजी जाणणारा, पाहुण्यांची गाडी-हॉटेल-औषधपाणी बघणारा, असं ठरलं. मोठे देश गरम जिलेबीसारखे उचलले गेले. सिंधूताईंनी आयुष्यभर कॉलेजात देशादेशांमधल्या तहांचा आणि वाटाघाटींचा इतिहास शिकवला होता, पण त्या निवृत्त, त्यातून कुणाच्या मागे लागण्याचा स्वभाव नाही. शेवटी जो देश कुणालाच नको होता तो त्यांच्याकडे आला.

"मातलुआ? हे काय, संधिवातावरचं औषध?" विश्वासरावांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं. हे त्यांचे यजमान. कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर.

"देश आहे तो, पॅसिफिकमधला. आपल्या इंद्रपुरीत राहतात तेवढीही माणसं नाहीत तिथे."

"मग त्यांचे राष्ट्रपती काय, पाण्याच्या टाकीवरून भांडतात का?"

"हसा! तुमच्यासारखे हसणारे आहेत ना, म्हणून मोठ्या देशांचं फावतं," सिंधूताई फणकारल्या. त्यांच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असे, आणि लहान देशांचा विषय निघाला की तो पार कपाळावर चढे. त्यांच्या विद्यार्थिनी म्हणायच्या, मॅडमना मोठे देश शेजारीण असल्यासारखे खुपतात.

मातलुआचं शिष्टमंडळ विमानतळावर उतरलं. शिष्टमंडळ कसलं, एकटी सेलीना! पस्तिशीची, उंच, एका हातात बॅग नि दुसऱ्या हातात कोट. त्याच विमानातून एका मोठ्या देशाची माणसंही उतरली. नाव कशाला घ्या, ज्याचं त्याला कळतं. त्यांची अख्खी वरात होती. एकाच्या हातात तर नुसत्या पाण्याच्या बाटल्या. सेलीनाने त्यांच्याकडे बघितलं आणि हसून म्हणाली, "आमच्या परराष्ट्र खात्यात एकूण जेवढे लोक आहेत ना, तेवढे यांनी बाटल्या धरायला आणलेत." सिंधूताईंना ती तिथेच आवडली.

सेलीना एवढ्या लांब आली होती ती एका वाक्यासाठी. परिषदेच्या शेवटी सगळे देश मिळून एक जाहीरनामा काढणार होते, आणि त्यात तिला हे वाक्य हवं होतं : समुद्र कितीही चढला, किनारा कितीही आत सरकला, तरी देशाची आज आखलेली समुद्रहद्द तीच राहील. मातलुआ दरवर्षी थोडाथोडा बुडतो आहे. हद्द किनाऱ्यावरून मोजत राहिलं, तर बेटं जातील तसा समुद्रही जाईल, त्यातली मासळी जाईल, आणि मातलुआची माणसं जन्मभर कुणाच्या तरी दारात पाहुणी म्हणून राहतील.

मोठ्या देशाने जाहीरनाम्यात आपल्या जहाजांच्या मार्गांचं कलम घालून घेतलं होतं, पण हे वाक्य त्याला नको होतं. हद्द नाहीशी झाली की तो समुद्र मोकळा, आणि मोकळ्या समुद्रात ज्याची जहाजं मोठी त्याचं राज्य. बळी तो कान पिळी, दुसरं काय!

पण भांडण करून वाक्य काढतील तर ते मोठे कसले? परिषदेत चार दालनं होती आणि चारही दालनांत एकाच वेळी चर्चा चालायच्या. मोठ्या देशाची माणसं चारही ठिकाणी बसत. सेलीना एकटी, ती बसून बसून कुठे बसणार? जाहीरनामा सगळ्यांच्या एकमतानेच निघतो, आणि खुर्ची रिकामी असली की त्या देशाचा होकार धरतात. पहिल्या दिवशी ती एका दालनात बोलत असताना दुसऱ्या दालनात कुणीतरी तिच्या वाक्याभोवती कंस घातला. कंस म्हणजे वाद आहे. शेवटच्या दिवशी एक तर कंस काढायचा, नाही तर वाक्य. आणि शेवटच्या दिवशी वाक्याची चर्चा आणि मदतनिधीची चर्चा नेमक्या एकाच वेळी लावलेल्या.

"हा योगायोग नाही," सेलीना गाडीत म्हणाली. "निधीच्या दालनात मी नसले तर गावांभोवती भिंती बांधायलाही काही मिळणार नाही. आणि वाक्याच्या दालनात नसले तर हे वाक्य गेलं."

"डाकू मेले!" सिंधूताई मराठीतच ओरडल्या. ड्रायव्हरने दचकून ब्रेक मारला.

सेलीना त्यांच्याकडे वळली. मग तिने विचारलं, "तुम्ही बसाल?"

आपल्या शिष्टमंडळात कुणाला घ्यायचं हे ज्या त्या देशाने ठरवायचं असतं. परक्या देशाचा माणूस घेतलेलाही चालतो. लहान देश असे वकील नि प्राध्यापक उसने घेतातच. हे सिंधूताईंना शिकवून पाठ होतं. पण हे आपल्यावर येईल असं कुणाला वाटलं होतं? तरी तोंडातून निघालं, "बसेन की!"

सेलीनाने परिषदेच्या कार्यालयात नाव कळवलं, आणि शेवटच्या दिवशी सकाळी सिंधूताईंच्या गळ्यात बिल्ला पडला : सिंधू पांढरीपांडे, मातलुआ. त्यांनी लगेच घरी फोन लावला. विश्वासराव आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "सिंधू, आता माघार घेऊ नकोस हं. बस ठिय्या मारून."

दालनाच्या दारात सेलीनाने एकच सूचना दिली. "फक्त नाही म्हणा. कारण सांगू नका, सौदा करू नका. कारण सांगितलंत की ते त्याला उत्तर देतील. आणि मी येईपर्यंत खुर्ची सोडू नका."

अध्यक्षाच्या जागी तुषार घाटे. म्हणजे अरेरा कॉलनीतला तुषार, सिंधूताईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा, आता दिल्लीत अधिकारी झालेला! मातलुआच्या पाटीमागे मॅडम बसलेल्या बघून त्याच्या हातातला कागद निसटला.

मोठ्या देशाकडून करड्या सुटातले एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. बोलणं असं, की साखर महाग व्हावी. जाहीरनामा फार लांबला आहे, तेव्हा एवढं एक कंसातलं वाक्य गाळावं, बाकी सगळं उत्तम आहे.

"कुणाची हरकत?" तुषारने सवयीने विचारलं.

सिंधूताईंनी बोलायचं आहे म्हणून मातलुआची पाटी उभी केली. "मातलुआला मान्य नाही."

"कारण सांगाल का?"

"मान्य नाही."

करडे गृहस्थ हसले. वाक्य तळटीपेत टाकू म्हणाले. मान्य नाही. पुढल्या परिषदेत विचार करू म्हणाले. मान्य नाही. पंगतीत नको म्हणणाऱ्याच्या पानात लाडू सरकवावा तसा ते एकेक पर्याय सरकवत होते, आणि सिंधूताई पानावर हात आडवा धरून बसल्या होत्या. अखेर तुषारने चहाची सुट्टी जाहीर केली.

दालन रिकामं झालं. बाहेरून पोह्यांचा नि जिलेबीचा वास येत होता, आणि सिंधूताईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. गुडघे आखडले होते, आणि या वयात उठावं लागण्याची दुसरीही कारणं असतात. पण त्या हलल्या नाहीत.

तुषार शेजारी येऊन बसला. "मॅडम, मान जाइए ना. पोहे घ्या, जरा बाहेर मोकळ्या हवेत बसू."

"मी बाहेर गेले की बैठक सुरू करशील. आणि खुर्ची रिकामी."

तो लाजेने लाल झाला, पण मागे हटला नाही. "मॅडम, माझी पहिली मोठी परिषद आहे ही. जाहीरनामाच निघाला नाही तर दिल्लीत मला कुणी विचारणार नाही. आणि तुम्ही तर आपल्या आहात! त्या देशाशी आपलं काय नातं?"

सिंधूताईंना त्याची दया आली. पोरगा खोटं बोलत नव्हता, आणि त्याला त्यांनीच घडवला होता. पण दयेपेक्षा राग मोठा निघाला.

"तुषार, सन अडतीस. म्युनिक. काय झालं?"

"मॅडम, प्लीज..."

"विचारलंय मी."

"चार मोठ्या देशांनी चेकोस्लोवाकियाचा तुकडा जर्मनीला दिला."

"आणि चेकोस्लोवाकियाची माणसं कुठे होती तेव्हा?"

तुषारने मान खाली घातली. "हॉटेलात बसवून ठेवली होती. त्यांना आत घेतलंच नव्हतं."

"त्यांना खुर्ची नव्हती. मातलुआला आहे. आणि माझा विद्यार्थी मला पोहे खायला बाहेर बोलावतोय!"

तुषार उठून गेला. सिंधूताईंना भडभडून आलं. फार कडक बोललो का आपण? पण बोललेलं परत घ्यायची सवय नव्हती.

बैठक पुन्हा भरली तेव्हा करड्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं. ते म्हणाले, एका देशासाठी सगळ्यांना अडवून धरायचं? तेही एवढ्याशा देशासाठी? बाईंची हरकत कागदावर नोंदवा आणि अध्यक्षांनी हातोडी मारावी, विषय संपवावा.

असं याआधी झालेलं आहे. अध्यक्षाने डोळे मिटून हातोडी मारली की लहान देश बोंबलत बसतो. सिंधूताईंना हे तुषारपेक्षा जास्त माहीत होतं. आजूबाजूचे देश पुढ्यातल्या कागदात डोकं घालून बसले होते. तुषारने हातोडी उचलली. सिंधूताईंनी पाटी पुन्हा उभी केली.

"मातलुआला मान्य नाही. हे वाक्य नसेल, तर जाहीरनाम्याला मातलुआची संमती नाही."

तुषारने हातोडी खाली ठेवली, अगदी हळू.

"मातलुआची हरकत आहे," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचला. "म्हणजे एकमत नाही. इथे देशाची लांबीरुंदी मोजत नाहीत. वाक्य नसेल तर जाहीरनामा नाही, आणि जाहीरनामा नसेल तर मोठ्या देशांनी त्यात घालून घेतलेलं जहाजांच्या मार्गांचं कलमही नाही. माननीय प्रतिनिधींनी विचार करावा."

वा रे पठ्ठ्या! सिंधूताईंना वाटलं, उठून त्याची पाठ थोपटावी. पण उठायचं नव्हतं.

करड्या गृहस्थांना आपलं जहाजांचं कलम प्यारं होतं. ते फोन घेऊन बाहेर गेले. सगळं दालन दाराकडे डोळे लावून बसलं. ते परत आले तेव्हा जागेवर न बसताच म्हणाले, "आमची हरकत नाही."

समोरच्या पडद्यावर दोन्ही कंस नाहीसे झाले आणि वाक्य तसंच राहिलं. तुषारने हातोडी मारली आणि दालनात टाळ्या झाल्या. इतका वेळ कागदात बघत बसलेल्यांनीच त्या वाजवल्या, हेही खरं!

सेलीना धावत आली ती दारातच थबकली. निधीच्या दालनात तिला अर्धंमुर्धंच मिळालं होतं, आणि इथलं वाक्यही गेलेलं असेल अशी तिने येताना मनाची तयारी केली होती. तिने पडद्यावरचं वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं.

सिंधूताई आता कुठे उठल्या, टेबलाला धरून, गुडघा चोळत. करडे गृहस्थ त्यांच्यापाशी आले. हरलेल्याला साजेल एवढ्या सभ्यपणे त्यांनी विचारलं, "मॅडम, मी फोन केला नसता तर? किती वेळ बसला असतात?"

"तुम्ही मोठी माणसं, तुम्हाला घाई असते," सिंधूताई म्हणाल्या. "आम्हाला काय? आमच्या गळ्यापर्यंत पाणी आलं तरी आम्ही जागा सोडत नाही."

ते 'आम्ही' तोंडून कसं निघालं ते सिंधूताईंच्या लक्षातही आलं नाही. सेलीनाच्या आलं. एवढी उंच बाई, पण वाकून सिंधूताईंच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडायला लागली. मग सिंधूताईंचाही बांध फुटला. भर दालनात, सगळ्या देशांदेखत, तिच्या पाठीवरून हात फिरवत त्या मराठीतच म्हणाल्या, "रडतेस काय वेडे? समुद्र आपलाच आहे."