पात्याचा घास

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या भावजयीचा फोन आला. "ताई, काहीही करा आणि या. पोरगी आज पुस्तक उघडतेय. आज!"

उद्या गणिताची फेरपरीक्षा आणि आज पुस्तक. मी औषधांच्या दुकानात काम करते. चिठ्ठीवरचं एक टिंब चुकीचं वाचलं तर समोरच्याचं काय होईल, या धाकात माझं अर्धं आयुष्य गेलंय. त्यामुळे ऐनवेळी जागे होणारे लोक माझ्या डोक्यात जातात. दुकानात सुट्टी सांगितली आणि पोरीला काय काय सुनवायचं याची बसमध्ये बसून उजळणी करत गेले.

पोरगी म्हणजे माझी भाची. किडकिडीत, आणि बोलायला लागली की टोचते, म्हणून घरात सगळे तिला टाचणी म्हणतात. माझा धाकटा भाऊ सुतार. वर घर, खाली कारखाना. टाचणी रांगायला शिकली ती भुशात, आणि हातात खुळखुळ्याच्या आधी लाकूड तासायची पटाशी आली असं तिची आई म्हणते. खरं असणार, कारण सोळाव्या वर्षी तिनं एक स्टूल केलं, त्यात एकही खिळा नाही. ते स्टूल पाहून बंदराच्या शहरातल्या शाळेनं तिला निवडलं. जहाजांच्या आतलं लाकूडकाम शिकवणारी शाळा आहे ती. फार थोड्यांना घेतात. अट एकच, शाळेचं गणित सुटलेलं पाहिजे. आणि तिथंच घोडं अडलं होतं. मुख्य परीक्षेत टाचणी आपटली होती. उद्याही आपटली, तर तिची जागा दुसऱ्याला जाणार होती.

मी पोचले तेव्हा ती खिडकीजवळ नव्याकोऱ्या टेबलाशी बसली होती. कानामागे सुताराची चपटी पेन्सिल.

"हे टेबल कधी घेतलं?" मी विचारलं.

"घेतलं नाही, केलं. अभ्यासाला टेबल नव्हतं ना आत्या."

"किती दिवस लागले?"

तिनं पुस्तकात डोकं घातलं. तिच्या आईनं आतून उत्तर दिलं, "सुट्टी संपली!"

मी खण ओढून पाहिला. आवाज न करता आला, आवाज न करता गेला. कोपऱ्यातले सांधे एकमेकांत असे बसले होते की नख शिरत नव्हतं. बसमध्ये पाठ केलेलं सगळं भाषण माझ्या घशातच राहिलं. तरीही मी ओरडले, कारण ओरडायलाच आले होते. ती निमूटपणे ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? आता शिकव."

तिची तयारी बघून मी थक्क झाले. खालून तिनं टाकाऊ फळ्यांचे तुकडे गोळा करून आणले होते आणि प्रत्येकावर खडूनं एकेक सूत्र लिहिलं होतं. वर्तुळाचं क्षेत्रफळ एका फळीवर, वर्गसमीकरण दुसरीवर. भिंतीला टेकून त्यांची रांगच्या रांग उभी होती. न बघता तीनदा बिनचूक म्हणता आलं की ती फळी घेऊन खाली जायची, करवतीनं मधोमध कापायची आणि सरपणाच्या पेटीत टाकायची.

"हा काय चावटपणा?" मी म्हणाले.

"कापली की ती माझी झाली," ती म्हणाली. "कापलेली फळी परत जोडता येत नाही, म्हणजे विसरताही येत नाही."

यात तर्क कुठला, मला विचारू नका. पण चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत अर्धी भिंत मोकळी झाली होती. माझा तरी विश्वास बसेना. पोरीचं डोकं चालत होतं! सूत्र एकदा सांगितलं की पुरे. ते कुठून आलं हे विचारायची, पटलं की मान हलवायची आणि फळी उचलून जिना उतरायची. मग ही नापास झाली कशी?

ते जुने पेपर सोडवायला घेतल्यावर कळलं. पहिलंच गणित होतं सहा मीटर लांबीच्या लाकडी दांड्याचं. तीस सेंटीमीटरचे किती तुकडे होतील? तिनं क्षणात लिहिलं, एकोणीस.

"वीस!" मी म्हणाले. "साधा भागाकार आहे, टाचणे!"

"एकोणीस."

पुढचं गणित लाकडी पेटीचं. लांबी, रुंदी, उंची दिलेली, घनफळ काढा. तिचं उत्तर कमी आलं. त्याच्या पुढचं, चौकोनी फरशा बसवायचं. तिथंही तिच्या फरशा कमी. रीत अचूक, गुणाकार अचूक, उत्तर चूक. मी डोकं धरून बसले. शेवटी पेन ठेवलं आणि शांतपणे, म्हणजे माझ्या मानानं शांतपणे, विचारलं, "बाई गं, हा एक तुकडा दरवेळी जातो कुठे?"

"पातं खातं ना," ती म्हणाली. सूर्य पूर्वेला उगवतो ना, अशा सुरात.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. करवत कापते तेव्हा पात्याच्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन खाली पडतं. माझा भाऊ त्याला पात्याचा घास म्हणतो. प्रत्येक कापाला तेवढा घास सोडून माप धरायचं, नाहीतर शेवटचा तुकडा तोकडा पडतो. ही पोर दांड्याच्या प्रत्येक कापाला घास सोडत होती. पेटीचं घनफळ काढताना फळ्यांची जाडी वजा करत होती. फरशांमध्ये सांध्याची फट धरत होती. गणित तिला येत नव्हतं असं नाही. पुस्तकात नसलेलं लाकूड ती त्यात घालत होती.

"हे शाळेत कुणाला सांगितलंस का कधी?"

"काय सांगायचं? मला वाटलं सगळेच सोडतात."

मी तरातरा खाली गेले. भाऊ मशीनवर दाराच्या चौकटी कापत होता. मी त्याला ओरडून सगळं सांगितलं. त्यानं मशीन बंद केलं, चष्म्यावरचा भुसा पुसला आणि म्हणाला, "बरोबर आहे की तिचं. एकोणीसच होणार."

"अरे गाढवा, उद्या पेपर तपासणारा सुतार नाहीये!"

त्याचा चेहरा उतरला. गुडघ्याएवढी होती तेव्हापासून तो तिला एकच गोष्ट विचारत आला होता, घास सोडला का? ती जेवायला बसली तरी चेष्टेनं विचारायचा. आज कळलं की त्याच एका गोष्टीनं पोरीचा घात केला. मला त्याची दया आली, पण ते त्याला दाखवायची ती वेळ नव्हती.

टाचणी जिन्यात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे पुस्तकातल्या करवतीला जाडीच नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग ती कापते कशी?"

"कापत नाही. नुसती कापल्यासारखं करते. तू पण उद्या तसंच करायचं."

ती खालच्या पायरीवर बसली. वाटलं, आता रडेल. हे एवढं वर्षानुवर्षं हातात मुरलेलं, एका दिवसात काढून कसं टाकणार? मला स्वतःला जमलं नसतं. मी दुकानात चिठ्ठी दोनदा वाचते आणि घरी भाजीची यादीही दोनदा वाचते. पण टाचणीनं नाक पुसलं आणि बापाकडे पाहिलं. "बाबा, मशीन बंद ठेवाल आज? तो आवाज आला की माझा हात आपोआप वजा करतो."

चौकटी दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. भावानं मशीनचा प्लग काढला आणि हातकरवत घेतली. तीही तो अंगणाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन चालवत राहिला.

पुढचे तास मी जन्मात विसरणार नाही. ती एकेक गणित घ्यायची. हात सवयीनं घास सोडायला जायचा, ती मध्येच थांबायची, स्वतःलाच "पातं नाही, पातं नाही" असं पुटपुटायची आणि पुढे जायची. सुरुवातीला दर दोन गणितांत एकदा चुकायची. चुकली की स्वतःच्या कपाळावर टिचकी मारायची. दुपार कलली तेव्हा टिचक्या कमी झाल्या होत्या. मी पेपर शोधून दमले, ती सोडवून दमेना. तिच्या आईनं ब्रेड-ऑम्लेट टेबलावर ठेवलं, ते गार झालं. लहानपणी आम्हीही घोकंपट्टी केली, पण ती नुसती डोक्यात भरायची असते. ही भरत होती आणि त्याच वेळी उपसतही होती. असं काम मी तरी कुणाला करताना पाहिलेलं नाही. तिला रागवायला आलेली मी, संध्याकाळी तिचं टेबल पुसत होते.

भिंतीशी एकच फळी उरली. शंकूचं घनफळ. ती काही केल्या बसेना. तीनदा म्हणायला गेली की तिसऱ्यांदा अडखळायची. "राहू दे," मी म्हणाले. "आता झोप." तिनं फळी उलटी करून ठेवली.

सकाळी शाळेच्या फाटकाशी तिला सोडायला मी गेले. आत जाता जाता ती थबकली, कानामागची चपटी पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "ही तू ठेव आत्या. ही कानाला असली की मी सुतारच असते."

पेन्सिल पर्समध्ये टाकताना मला गलबलून आलं. फाटकासमोरच्या बाकावर मी बसून राहिले. ती बाहेर आली तेव्हा तोंड एवढंसं झालेलं.

"शंकू आला?"

"आला. सोडून दिला."

"आणि फळ्या कापायची गणितं?"

"फळ्याही आल्या. शेल्फसाठी एक लांब फळी कापायची होती." ती माझ्या शेजारी बसली. "पुस्तकाचं उत्तर लिहिलं. पण सगळा वेळ खोडावंसं वाटत होतं, आत्या. ती शेवटची फळी तोकडी येणार, मला दिसत होतं! ती कुणीतरी भिंतीला लावणार आणि फट राहणार. हात नुसता शिवशिवत होता. शेवटी उजवा हात मांडीखाली दाबून बसले आणि घंटा होईपर्यंत काढलाच नाही."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्या वर्गात एवढी मुलं होती. कुणी उत्तर आठवावं म्हणून धडपडत असेल, कुणी शेजाऱ्याच्या कागदात डोकावत असेल. आपल्याला येतं ते लिहू नये म्हणून स्वतःच्या हातावर बसलेली तेवढी एकच असणार. आणि ती आमची होती.

निकाल लागला त्या दिवशी मी मुद्दाम गेले. कारखान्यात सगळे मोबाइलभोवती गोळा झालो. पास! काठावर, अगदी काठावर. मी मनातल्या मनात हिशेब केला. त्या शेल्फच्या गणिताला जेवढे मार्क होते, तेवढेही तिच्याकडे जास्तीचे नव्हते. हात मांडीखालून निघाला असता, तर बंदराची शाळा गेली असती. मी हे मोठ्यानं सांगितलं तेव्हा भावजय मटकन खुर्चीत बसली.

भाऊ जिना चढून वर गेला आणि ती उलटी ठेवलेली फळी घेऊन आला. शंकूचं घनफळ, खडू थोडा पुसटलेला. त्यानं ती कामाच्या टेबलावर ठेवली आणि करवत टाचणीपुढे धरली.

"पण ती मला येत नाही अजून," ती म्हणाली.

"म्हण की मग."

तिनं म्हटलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदाही, न अडखळता. मग माझ्याकडे हात पुढे केला. मी पर्समधून पेन्सिल काढून दिली. तिनं काटकोनी गुण्या लावून फळीवर मधोमध रेघ मारली, पेन्सिल कानामागे खोचली आणि करवत उचलली.

भावाचे ओठ सवयीनं हलले. घास सोडला का, हेच विचारणार होता. पण परीक्षेच्या आदल्या दिवसापासून त्यानं तो शब्द तोंडातून काढला नव्हता, आताही त्यानं तो गिळला. टाचणी खाली वाकली होती, तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं पातं रेघेवर ठेवलं नाही. रेघेच्या किंचित बाहेर, पात्याच्या जाडीएवढा घास सोडून ठेवलं आणि कापायला सुरुवात केली.

भावानं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिला. त्यावर भुसा नव्हता, मी जवळच उभी होते. मग त्यानं मशीनचा प्लग लावला आणि आम्हा सगळ्यांना कामाच्या वेळी गर्दी करू नका म्हणून दटावलं.