मेंढ्या बेटावर नेण्याचा दिवस

गुनवोरनं मेंढीचे पुढचे दोन पाय उचलून फळीवर ठेवले आणि मागून गुडघ्यानं रेटा दिला. मेंढी ढिम्म हलली नाही. कळपातली ही सर्वांत म्हातारी. डोळ्यांभोवती चष्म्यासारखी काळी वर्तुळं, म्हणून घरात तिला मास्तरीणबाई म्हणत. ती चढल्याशिवाय बाकीच्या बोटीत चढत नसत, आणि ती कधी चढेल हे फक्त तिलाच ठाऊक.

"विनंती कर तिला, आई. ढकललेलं खपत नाही तिला," बोटीतून इल्वा म्हणाली.

"तूच कर. तुला कुठे कुणाचं ऐकावं लागतं."

बोलून गेल्यावर गुनवोरला वाटलं, उगाच कडू बोलले. इल्वानं खिशातून पावाचा तुकडा काढून दाखवला. मास्तरीणबाई, आपल्या मनात तेच होतं अशा थाटात, बोटीत शिरल्या. मागोमाग सगळा कळप.

यंदाचा हिवाळा हटता हटला नव्हता. ऑलंडच्या आमच्या बेटांना बर्फाचं कौतुक नाही, पण एप्रिल सरत आला तरी खाडीवरून चालत जाता येत होतं, आणि गोठ्यातलं गवत तळाला लागलं होतं. मग एका रात्री वारा फिरला. सकाळी लोकांनी दारं उघडली तर समोर निळं, मोकळं, हलणारं पाणी. त्या दिवशी दुकानात एरवी तोंडातून शब्द न काढणारी माणसंही एकमेकांशी बोलली म्हणे.

आता बर्च झाडांना उंदराच्या कानाएवढी पालवी फुटली होती. बोट खाडीबाहेर आली तशी गुनवोरनं टोपी काढली आणि ऊन डोक्यावर घेतलं. पाण्यावर काळीपांढरी ईडर बदकं थव्याथव्यानं बसली होती आणि, शेजारच्या घरातली चविष्ट बातमी कानी आलेल्या बायकांसारखी, 'आऊ, आऊ' करत होती. दर वसंतात ऐकलेला आवाज, पण आज गुनवोर तो कान देऊन ऐकत राहिली. सगळं परत आलं होतं, कुणी न मागता. आणि इल्वा मात्र निघाली होती.

नाताळात जेवणं आटोपल्यावर इल्वानं सांगितलं होतं, की जुलैत ती फिनलंडच्या सैन्यात दाखल होणार आहे. आमची बेटं फिनलंडचीच, पण आमच्याकडे सैन्याची सक्ती नाही. या बेटांवर तोफ आणायची नाही, हे पणज्यांच्या काळापासून ठरलेलं. शांतता म्हणजे गुनवोरला घरच्या विहिरीसारखी. ती असतेच, तिच्यावर काय बोलायचं? आणि तिची एकुलती एक पोर, कुणी बोलावलं नसताना, आपणहून बंदूक धरायला निघाली होती. गुनवोर रागावली होती, आणि रागापेक्षा जास्त घाबरली होती. नवरा जहाजावर नोकरीला, महिना महिना बाहेर. घरात दोघीच, पण तो विषय पुन्हा निघाला नाही. सबंध हिवाळा चूल पेटवताना, दूध ओतताना गुनवोर मनात एक वाक्य घोटत राहिली होती. माझ्या एकटीच्यानं मेंढ्या आवरत नाहीत, तू जाऊ नकोस. आज परतताना ते बोलायचं, असं तिनं ठरवलं होतं.

मेंढ्यांच्या बेटाला, लोंगशेरला, झाड नाही, घर नाही. खडक, गवत, आणि त्याही आधी रशियाच्या झारच्या सैनिकांनी तोफेसाठी बांधून ठेवलेल्या दोन भिंती. त्या दोन भिंतींमधून कुरणाकडे वाट जाते. गुनवोरनं फळी लावली. इल्वा पुढे उतरून वाट मोकळी आहे का बघायला गेली, आणि भिंतींपाशी एकदम थांबली.

"आई, थांब. सोडू नकोस."

पण मास्तरीणबाईंना कोवळ्या गवताचा वास लागला होता. सगळा हिवाळा गोठ्यात काढलेली मेंढी आता कुणाची ऐकते? तिनं फळीवरून उडी घेतली आणि मागोमाग अख्खा कळप उधळला.

गुनवोर ओरडत मागे धावली. इल्वा वाटेच्या मधोमध उभी होती, पाय रोवून, दोन्ही हात पसरून. मास्तरीणबाईंनी डोकं खाली घालून तिच्या गुडघ्यावर धडक दिली. इल्वा खाली बसली, पण बाजूला झाली नाही. मेंढ्या तिला घासत, तुडवत, दोन्ही अंगांनी फुटून कुरणात गेल्या.

धूळ बसल्यावर गुनवोरला दिसलं. इल्वाच्या पाठीमागे, भिंतीच्या बुडाशी, मातीच्याच रंगाची ईडरची मादी घरट्यावर बसली होती. एवढे खूर गेले तरी ती उठली नव्हती. फक्त डोळा उघडा.

"गुडघा दाखव," गुनवोर म्हणाली.

"काही नाही झालं."

"रक्त येतंय. बाजूला झाली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?"

इल्वा विजार झटकत होती.

"माझं काहीच नसतं बिघडलं," ती म्हणाली.

गुनवोर वाकली. लहानपणी आजीनं शिकवलं होतं तसं तिनं हळूच हात पुढे नेला आणि पक्षिणीच्या पोटाखाली दोन बोटं सरकवली. पक्षीण हलली नाही. आत स्वतःच्या छातीची उपटून अंथरलेली पिसं, आणि अंड्यांची ऊब. इतकी ऊब असेल असं गुनवोरला वाटलं नव्हतं. बाहेर खडकाच्या फटींत अजून बर्फ होता. तिच्या बोटांना पक्षिणीच्या काळजाचे ठोके लागत होते, भराभर, फार भराभर. म्हणजे ही घाबरली होती. घाबरून बसली होती.

तेवढ्यात वरून आवाज आला. हंसांचे थवे उत्तरेला निघाले होते, एकामागून एक, एवढे की दोघींच्या अंगावरून सावल्या सरकत राहिल्या. दोघी माना वर करून भिंतींच्या मध्ये उभ्या राहिल्या. शेवटचा थवा दिसेनासा झाल्यावर फक्त गवत तोडणाऱ्या मेंढ्यांचा आवाज उरला. गुनवोरच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिनं ते पुसलं नाही.

परतताना इल्वानं फळी आत ओढली. गुनवोर तिच्याकडे पाठ करून दोर सोडत होती. दोराची गाठ काही केल्या सुटेना.

"सप्टेंबरात मेंढ्या परत आणाव्या लागतील," ती म्हणाली. "रजा देतात का गं तिकडे?"

इल्वानं फळी बोटीच्या तळाशी नीट ठेवली.

"देतात," इल्वा म्हणाली. "आधी कळवावं लागतं."

"मग कळव." गाठ सुटली. गुनवोरनं बोट खडकापासून ढकलली. "माझ्या एकटीच्यानं मेंढ्या आवरत नाहीत."